तारेतले दोन शब्द

"स्ट्रँडेड," जुवेकर सरांनी फळ्यावर लिहिलं आणि खडू माझ्याकडे रोखला. "धनावडे, वाक्यात उपयोग कर."

मी उभी राहिले. "माय फादर इज स्ट्रँडेड इन कुवेत."

सरांनी चष्मा नाकावर सरकवला. "वाक्य बरोबर आहे. पण शेवटचा 'ड' गिळू नकोस. आणि कुवेत नाही, कुवेट. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. माझे वडील परमुलखात अडकून पडलेत, हे त्या तासाला मी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी सर "गुड" म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

हा नव्वद सालातला ऑगस्ट. मी अकरावीत होते. आमचं तालुक्याचं गाव रत्नागिरीपासून दीड तासावर. तिथे इंग्रजी पेपर एसटीने दुपारी यायचा आणि तोही एकच, जुवेकर सरांच्या नावाचा. सर रोज त्यातले पाच शब्द फळ्यावर लिहीत. पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी मेलेलं असतं, जिवंत इंग्रजी पेपरात सापडतं, असं त्यांचं म्हणणं. आदल्या वर्षी आम्ही बर्लिनच्या भिंतीवर शब्द शिकलो होतो. दोन ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि त्या दिवसापासून सगळे शब्द तिकडूनच यायला लागले. इन्व्हेड. एम्बार्गो. होस्टेज. एन्व्हॉय. बाकीच्या मुली ते वहीत उतरवून घरी जाऊन पाठ करायच्या. मी ते घरी जाऊन आईला सांगायचे.

माझे वडील, दत्ताराम धनावडे, चार वर्षं कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होते. त्यांचं शेवटचं पत्र जुलैचं. त्यात आंब्याच्या कलमांना आळी केलीत का, एवढंच विचारलेलं. मग काहीच नाही.

शाळा सुटली की मी सरांकडून कालचा पेपर मागून घ्यायचे आणि वाडीवर तीन मैल चालत यायचे. आई ओटीवर वाट बघत बसलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं.

"आज काय लिवलाय?"

मी पेपर पसरायचे, मांडीवर डिक्शनरी घ्यायचे. शाळेच्या वाचनालयातली, शेवटची पानं गळालेली. एका ओळीत चार शब्द अडायचे. एक शोधावा तर त्याच्या अर्थात आणखी दोन निघायचे. 'स्ट्रँडेड'समोर छापलं होतं, 'किनाऱ्याला लागून रुतलेले (जहाज)'.

"म्हंजे त्ये बोटीत हायत?"

"बोटीत नाही गो आये. अडकलेत."

"कशात?"

मला सांगता यायचं नाही. मला रडू यायचं आणि रडू येतं याचाच राग यायचा. 'एअरलिफ्ट' डिक्शनरीत नव्हताच. पेपर म्हणत होता की हजारो भारतीय वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचतायत, अम्मान नावाच्या शहरातून विमानं त्यांना आणतायत. हजारोंत दत्ताराम धनावडे आहेत की नाहीत, हे सांगणारा शब्द कुठल्याच पानावर नव्हता. मी सगळ्या जगाचं राजकारण वाचत होते आणि मला एका माणसाचा पत्ता लागत नव्हता.

गौरी-गणपती होऊन गेल्यावरचा शनिवार. सकाळची शाळा करून मी वाडीत शिरले तर आमच्या अंगणात माणसं. चप्पल न काढताच मी ओटीवर धावले. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा, खांबाला टेकून बसले होते आणि त्यांच्या हातात तार होती. आई भिंतीला पाठ लावून, डोळे कोरडे. आप्पांच्या बायकोने, काकीने, तिचं मनगट धरलेलं आणि दुसऱ्या हातात बांगड्या फोडायला वरवंटा.

"काय झालं?"

"गेला गो तुझा बापूस," काकीने हंबरडा फोडला. "दूरदेशी गेला गो."

मी आप्पांच्या हातातून तार ओढली. इंग्रजीत टाइप केलेली पट्टी चिकटवलेली. दत्ताराम पास एक्स्पायर्ड अम्मान कॅम्प वेट लेटर. खाली नाव, साळवी. साळवी वडिलांच्याच कंपनीत स्टोअरला होते.

एक्स्पायर्ड कोणाला ठाऊक नव्हतं? तार घरात आली आणि तिच्यात हा शब्द असला की पुढचं वाचायची गरज नसायची. आप्पांनी मुंबईत बावीस वर्षं गिरणीत काढली होती. अख्ख्या चाळीच्या तारा तेच वाचून दाखवायचे. त्यांना इंग्रजी असं येतच नव्हतं, पण हा एक शब्द ते लांबून ओळखायचे.

मी परत वाचलं. पास एक्स्पायर्ड. मग मला आठवलं. परवाच्याच पाच शब्दांत तो होता. कुवेतमधल्या वकिलाती बंद करायला इराकने दिलेली मुदत संपली, त्या बातमीतला. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'द डेडलाइन हॅज एक्स्पायर्ड.' मुदत एक्स्पायर होते, लायसन एक्स्पायर होतं, असंही ते म्हणाले होते.

"काकी, वरवंटा खाली ठेव," मी म्हटलं.

"काय?"

"बाबा गेले नाहीत. पास एक्स्पायर झालाय. पास म्हणजे पासपोर्ट. त्याची मुदत संपलीय. म्हणून ते कॅम्पात थांबलेत. पत्राची वाट बघा, असं लिहिलंय."

मग आप्पा मान हलवत म्हणाले, "पोरी, तुझं दुःख मला समजतंय. पण पास म्हंजे पण तेच. पास अवे. सायबाच्या भाषेत मेला म्हणायचं नसतं, पास झाला म्हणतात. दोन्ही शब्द एकच सांगतायत."

"मग दोनदा कशाला लिहितील? तारेला प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात."

"बापाच्या मरणात पैशाचं काढतेस?" काकी ओरडली आणि तिने आईचा हात पुन्हा ओढला.

मी मधे घुसले. काकीचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलंच नाही. मोठ्या माणसाच्या अंगाला असा हात मी कधी लावला नव्हता. तिच्याच एका बांगडीची काच माझ्या तळव्यात घुसली.

"आये, तू सांग," मी म्हटलं. "तू सांग हिला."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचा हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. "पोर काय म्हणत्ये ती बघू आधी," ती म्हणाली. "सरांना विचारून येऊ दे."

मी तशीच उलट पावली तीन मैल गेले. जुवेकर सर जेवून आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी तार दोनदा वाचली. मी धापा टाकत उभी.

"सर, पास म्हणजे पासपोर्ट ना?"

"असू शकेल."

"आणि एक्स्पायर्ड म्हणजे मुदत संपली. तुम्हीच परवा शिकवलंत."

"शिकवलं," ते म्हणाले. "पण ती बातमीची भाषा. तारेची रीत निराळी असते. इथे माणसाचं नाव आधी आलंय."

"मग पास कशाला लिहिलंय?"

"व्याकरणाने पास्ड हवं होतं. पण तारेत व्याकरण कोण बघतं?"

"सर, तुम्ही आमच्या घरी याल? एवढंच सांगा की दुसरा अर्थ पण होतो. तुमचं ऐकतील सगळे."

सरांनी तार घडी करून परत दिली. "उद्या वाईट निघालं तर काय म्हणतील? मास्तराने खोटी आशा लावली म्हणतील. अर्थ दोन्ही होतात, धनावडे. मी कशावर हात ठेवू?"

"पण दोन्ही होतात, एवढं तरी सांगा ना!"

"पत्राची वाट बघा," ते म्हणाले. "तारेतही तेच लिहिलंय."

इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता. रोज पाच शब्द शिकवणारा माणूस, आणि मला एका शब्दाची गरज होती तेव्हा त्याच्या घरून मी रिकामी परत चालले होते.

वाडीवर येऊन मी खोटं बोलले. "सर म्हणाले, पासपोर्टच."

आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्या दिवशी वरवंटा काकीच्या घरी परत गेला.

सोमवारी शाळा बुडवून मी पोस्टात गेले. पोस्टमास्तर मोमीन यांनी मला आत बाकावर बसवलं. तार वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शंका असेल तर शब्द पुन्हा मागवता येतात," ते म्हणाले. "वरच्या ऑफिसला कळवतो. आलेल्या मजकुराशी ताडून ते पुन्हा पाठवतात. कधीकधी अक्षर गळालेलं असतं."

"पासच्या पुढे पोर्ट असेल."

"असेल तर कळेलच, बेटी."

मी दोन दिवस पोस्टाच्या पायरीवर बसून काढले. बुधवारी दुपारी मोमीनसाहेबांनी मला काचेतून खूण केली. मी उठले तेव्हाच त्यांचा चेहरा मला दिसला होता. कागदावर तेच होतं. अक्षर न् अक्षर तेच. पास एक्स्पायर्ड.

"बरोबर आहे म्हणतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "चूक नाही."

"बरोबर आहे म्हणजे काय?"

"म्हणजे पाठवणाऱ्याने असंच लिहिलं होतं."

त्या माणसाच्या अंगावर ओरडावं असं मला वाटलं, आणि घराण्याबाहेर मला बस म्हणणारा तेवढाच एक होता.

वाडीत सुतक धरलं गेलं होतं. आमचं घर सोडून. आमच्या घरात आई रोज सकाळी कुंकू लावत होती, चूल पेटवत होती, गुरांना चारा घालत होती. ओढ्यावर बायका तिला बघून तोंड फिरवायच्या. काकीचा आवाज आमच्या परड्यापर्यंत यायचा. "येवढीशी पोर. इंग्रजी शिकली म्हणून बापाला पाणी मिळू देत नाय. त्याचा आत्मा तिकडं तळमळत असंल."

एकदा भाकरी थापता थापता आईने विचारलं, "तुला नक्की ठाऊक हाय ना गो?"

"हो," मी म्हटलं.

मला ठाऊक नव्हतं. अर्थ दोन्ही होत होते. त्यातला एक मी निवडला होता आणि त्याला दोन्ही हातांनी लटकले होते. रोज सकाळी उठल्याबरोबर दुसरा अर्थ माझ्या छातीवर येऊन बसायचा.

शुक्रवारी पत्र आलं. पोस्टमनने ते बांधावरूनच हलवून दाखवलं. वडिलांचं अक्षर, मराठी, पेन्सिलीचं. मी वाचायच्या आधीच ओरडले, "आये, बाबांचं पत्र!" काकी धावत आली, आप्पा आले. मी मोठ्याने वाचायला लागले. ट्रकमधून आलो, चार दिवस वाळूत काढले, पाणी कमी होतं, आता तंबूत आहोत, भारत सरकारची माणसं नाव लिहून घेतायत, साळवी बरोबर आहेत, काळजी करू नये. आई पहिल्यांदा रडली.

आप्पांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि वरचा कोपरा बघितला. बराच वेळ बघितला.

"तारीख बघ," ते म्हणाले.

पत्र तारेच्या आधी सहा दिवस लिहिलेलं होतं.

मी पत्र हिसकावून घेतलं. पोस्टाचा शिक्का बघितला, पाठ बघितली. तारीख तारीखच होती. काकी पदर डोळ्याला लावून निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कुंदा," आप्पा माझ्या शेजारी बसले. "माझा धाकटा भाऊ तो. मला काय हौस हाय त्याला मारायची? पण त्याचं जे करायचं ते येळेत व्हायला हवं. सोमवारी धावा दिवस. तुझ्या आईनं नको म्हटलं तरी मी नदीवर जाणार."

"नका जाऊ, आप्पा."

"तुझं खरं निघालं तर मी आनंदानं खोटा ठरंन. पण तुझं खोटं निघालं तर त्याला कोण इचारणार?"

त्यांचा राग यावा असं काही उरलं नव्हतं. तरीही राग येत होता. त्यांचा, सरांचा, साळवींचा, ज्याने 'पोर्ट' ही चार अक्षरं लिहायचा कंटाळा केला.

सोमवारी आप्पा भटजींना घेऊन नदीवर गेले. क्षौर केलं. दुपारी परत आले ते डोकं तुळतुळीत, डोळे सुजलेले. काकीने येऊन आईला सांगितलं की पिंडाला कावळा लगेच शिवला, काही अडून राहिलेलं दिसत नाही. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. पण तिची बोटं थांबली होती.

मी घरामागे जाऊन डिक्शनरी उघडली. एक्स्पायर. पहिला अर्थ, श्वास सोडणे. दुसरा, मरणे. तिसरा, मुदत संपणे. माझा अर्थ तिसऱ्या नंबरला होता. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, आता पुरे. उद्या काकी आली तर मी आड येणार नाही.

मंगळवारी काकी आली नाही. तिला ताप होता.

बुधवारी दुपारी मी आप्पांच्या अंगणात त्यांना पेज द्यायला गेले होते. आप्पा उन्हाला पाठ करून, उघड्या डोक्याने बसले होते. शेताच्या बांधावरून कोणीतरी येत होतं. बारीक माणूस, वाढलेली दाढी, अंगाला मोठा होणारा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी ओळखलं नाही. आप्पांची तिकडे पाठच होती.

तो माणूस अंगणात येऊन थांबला. आप्पांच्या डोक्याकडे बघितलं. त्याच्या हातातली पिशवी खाली गळाली.

"दादा," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं रे?"

आप्पा वळले. त्यांनी बघितलं. मग ते बसल्या जागीच पुढे झुकले आणि दोन्ही हातांनी वडिलांचे पाय धरून लहान मुलासारखे रडायला लागले. थोरला भाऊ धाकट्याच्या पायाशी, आणि वडील, "अरे दादा, सांग ना, कोण गेलं? आपली म्हातारी आत्या गेली काय?" असं विचारत त्यांना उठवायला बघतायत.

माझ्या हातातली पेज सांडली होती. मी आमच्या घराकडे पळत सुटले.

सगळं साधंच होतं. पासपोर्टची मुदत जुलैतच संपली होती. अम्मानला विमानात बसायची पाळी आली तेव्हा रांगेतून बाजूला काढलं. वकिलातीच्या माणसाने कागदावर फोटो चिकटवून, शिक्का मारून दिला, त्यात आठ दिवस गेले. "साळव्यांना म्हटलं, घरी कळवा, पासाची मुदत संपलीय, उशीर होईल," वडील सांगत होते. "त्यांनी कळवलं बरोबर. मिळाली ना तार?"

मुंबईहून त्यांनी 'रीच्ड' अशी तार केली होती. ती दुसऱ्या दिवशी आली.

जुवेकर सर रविवारी घरी आले. ओटीवर बसले, चहा घेतला, वडिलांना वाळवंटाबद्दल चार प्रश्न विचारले. उठताना माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारपासून शाळेत ये, बरंच बुडलंय तुझं." त्या तारेबद्दल एक अक्षर नाही. मी गेले. दोन वर्षं त्यांच्याकडे शिकले आणि इंग्रजीत तालुक्यात पहिली आले. त्यांना मात्र कधी शंका विचारली नाही.

पुढे मी पुण्याला आले, इंग्रजीच शिकवायला लागले. वडील गावी आंब्याच्या कलमांत रमले. एका दिवाळीला आई माझ्याकडे राहायला आली होती. कॉलेजातल्या दोघीतिघी फराळाला आल्या होत्या आणि मी त्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली. आप्पांचं डोकं, 'कोण गेलं रे', सगळं. मैत्रिणी हसल्या, मग हळव्या झाल्या. एक म्हणाली, "आणि तुझ्या आईंनी तुझ्या इंग्रजीवर केवढा विश्वास ठेवला!"

त्या गेल्यावर आई स्वयंपाकघरात वाल सोलत बसली.

"त्या पोरींना तू खोटं सांगितलंस," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"माझा कुठं इश्वास बसला व्हता? तार आली तवाच मला वाटलं, गेले. आप्पा वाचताना त्यांचा हात कसा कापत व्हता, त्यो मी बघितला. धा दिवस मी मनातल्या मनात रडून घेतलं. आंघोळीच्या येळी, गोठ्यात, जिथं तू नसशील तिथं."

मी तिच्यासमोर खाली बसले. "मग कुंकू का लावत होतीस? काकीला हात का नाही लावू दिलास?"

आईने वालाचं एक साल नखाने सोडवलं.

"तू येकटी सगळ्या वाडीशी भांडत व्हतीस," ती म्हणाली. "मी पण त्यांच्यात जाऊन बसले असते, तर तुझ्या बाजूला कोण ऱ्हायलं असतं?"